गाडीचं ऑईल चार वर्षं बदललं नाही, आता काय?

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपली गाडी, आपला हिशेब’ या मालिकेतलं भाषण)



करवीर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष ताईंचा मागच्या भागानंतर केंद्रावर फोन आला होता. त्यांच्या गटानं एका सदस्येला जुनी ओम्नी घ्यायला कर्ज दिलंय. तिचा मुलगा गाडी चालवतो, पहाटे भाजी घेऊन कोल्हापूरच्या बाजारात जातो. गाडी घेऊन चार वर्षं होत आली आणि इंजिन ऑईल एकदाही बदललेलं नाही. कमी झालं की वरनं थोडं ओतायचं, एवढंच. आता ताईंनी विषय काढला, तर मुलाला कुणीतरी सांगितलंय, “एवढ्या दिसांनी ऑईल बदललंस तर इंजिन बसंल. हाय तसं चालू दे.” कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. ताई विचारत होत्या, हे खरं का?

खरं नाही. पण त्यात चिमूटभर खरं मिसळलेलं आहे, म्हणून ते पटतं. ते चिमूटभर कुठलं, ते पुढं सांगते.

उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आमचं गॅरेज आहे. पावत्या आणि सामानाचा हिशेब माझ्याकडं असतो, त्याला वीस वर्षं झाली. ऑईल न बदललेल्या गाड्या आमच्याकडं आठवड्याला एखादी तरी येतेच. मुलगा सैन्यात, गाडी गोठ्याशेजारी उभी. नाहीतर गाडी रोज पळतीय, पण “चालतीया की, मग कशाला?” म्हणून कुणी बघितलेलंच नाही. यातल्या बऱ्याच गाड्या वाचतात. ज्या वाचत नाहीत, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत चूक झालेली असते.

आता ऑईल नेमकं करतं काय? आपल्यातल्या वयानं मोठ्या बायकांना हे सांगायला नको. विहिरीवर ऑईल इंजिन फटफटायचं, कुणाचं किर्लोस्करचं, कुणाचं इथंच उद्यमनगरात घडलेलं. पाण्याची पाळी सुरू व्हायच्या आधी सासरे त्याचं काळं ऑईल काढून नवं भरायचे. गाडीचं इंजिनही त्याच जातीचं, फक्त फार जोरात फिरणारं. रस्त्यावर साधारण वेगानं जाताना ते मिनिटाला तीन हजार फेरे मारतं. म्हणजे आतला प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली-वर होतो. लोखंडावर लोखंड असं घासलं तर काही मिनिटांत चिकटून बसेल. ते चिकटत नाही, कारण मध्ये केसाहूनही पातळ असा ऑईलचा थर असतो. हेच ऑईल आतली उष्णता बाहेर आणतं आणि काजळी, लोखंडाचा कीस आपल्यात धरून ठेवतं. ऑईल काळं होतं ते म्हणूनच, ते आपलं काम करतंय. डिझेल गाडीचं तर नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. त्यामुळं नुसत्या रंगावरून घाबरायचं नाही.

बिघडतं कधी? कढईत एकाच तेलात पुन्हा पुन्हा तळलं की ते दाट होतं, वास मारतं आणि कढईच्या काठाला चिकट थर धरतो. तो थर साबणानंही निघत नाही. इंजिनात तेच घडतं. वर आणखी एक भानगड आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातनं जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी गाडी चालू केली की नळीतनं थेंब पडतात, ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेनं खाली ऑईलमध्ये उतरते. गाडी लांब गेली, चांगली तापली, की ती उडून जाते. घर ते डेअरी, डेअरी ते शाळा अशी दोन-दोन किलोमीटरच पळणारी गाडी कधी पुरती तापतच नाही, म्हणून पाणी आतच राहतं. “आमची गाडी फारशी पळतच नाही, मग ऑईल कशाला बदलायचं?” असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. वर्ष उगाच लिहिलेलं नाही.

काजळी, पाणी आणि जळकं ऑईल यांचा मिळून डांबरासारखा चिखल तयार होतो. मेकॅनिक त्याला गाळ म्हणतात. इंजिनाच्या तळाशी ऑईलचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. चेंबरमधलं ऑईल पंप एका जाळीतनं ओढतो आणि वर पोचवतो. चहाच्या गाळणीत चोथा साठला की चहा खाली उतरत नाही, तसं त्या जाळीवर गाळ बसला की वर ऑईल पोचत नाही.

ते चिमूटभर खरं इथं आहे. वर्षानुवर्षं साठलेला गाळ एकदम सुटला, तर त्याचे तुकडे जाऊन त्याच जाळीवर बसतात आणि इंजिन कोरडं पडतं. कुणाच्या तरी गाडीचं असं झालेलं असतं. मग गावात बोलबाला होतो, की ऑईल बदललं आणि इंजिन गेलं. पण तिथं बहुतेक वेळा कुणीतरी घाई केलेली असते: रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन “धुतलेलं” असतं, नाहीतर बाटलीतलं जोरकस औषध घालून चालवलेलं असतं. दोष नव्या ऑईलचा नसतो. आणि बदललं नाही म्हणून गाळ काही थांबत नाही, तो वाढतच जातो.

म्हणून पहिलं काम बघायचं. आणि हे काम तुमचं. गाडी कुणीही चालवो, हप्ता तुमच्या नावावर आहे. गाडीखाली झोपायची गरज नाही.

गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. बोनेट उघडलं की कडी असलेली एक लांब पट्टी दिसते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं सीट उचलावी लागते. या पट्टीला मेकॅनिक गेज म्हणतात. ती ओढून फडक्यानं पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. तिच्यावर दोन खुणा असतात. जुलै महिन्यात आपण सगळ्या कान देऊन ऐकतो ना, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका? गेजच्या खुणाही अशाच ध्यानात ठेवायच्या. फक्त इथं धोका दोन्ही बाजूंना आहे. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर इंजिन कोरडं. वरच्या खुणेच्या वर गेलं तरी वाईट, कारण आतला दांडा ऑईल घुसळतो, फेस होतो आणि फेसानं लोखंड वाचत नाही. “चार वर्षं बदललं नाही, जरा जास्तच घाला” असं सांगणाऱ्या मावशी मी बघितल्यात. तूप नव्हे ते.

मग ऑईल भरायचं झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघायचं. लोखंडाला तपकिरी रंग चढलाय, पण लोखंड दिसतंय, तर गाडी अजून हातात आहे. झाकणाखाली काळा लगदा थापल्यासारखा बसलाय, तर मेकॅनिकला आधीच सांगायचं, चेंबर उतरवून जाळी धुऊन घ्या. मजुरी वाढेल, पण अशा गाडीला तेवढं करावंच लागतं. आणि गेजवरचं ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. गाडी चालूसुद्धा करायची नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पाण्यात बुडालेल्या किती गाड्यांची, पाणी ओसरल्यावर कुणीतरी हौसेनं चावी फिरवली! गाडी बुडाली होती तिथवर ती वाचण्याजोगी होती. चावी फिरवली आणि आतलं पाणी पिस्टनवर आदळलं. अशी गाडी ओढूनच गॅरेजला न्यायची.

आता ताईंच्या ओम्नीचं बोलू. आमच्याकडं अशी गाडी आली तर आम्ही ऑईल दोनदा, गरज पडली तर तीनदा बदलतो. इंजिन थोडं गरम करून खालचा बोल्ट काढायचा, म्हणजे जुनं ऑईल घाणीसकट वाहतं. थंडपणी काढलं तर गाळ तळालाच राहतो. फिल्टर बदलायचाच. जुन्या फिल्टरमधनं नवं ऑईल फिरवणं म्हणजे खरकट्या ताटात ताजा भात वाढणं. नवं ऑईल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घालायचं. पहिल्या खेपेला महागडं सिंथेटिक नको, त्याच ग्रेडचं साधं मिनरल चालतं, कारण ते लवकर काढून टाकायचं असतं. इंजिनाचा आवाज दबावा म्हणून काही जण मुद्दाम दाट ऑईल घालतात. त्यानं आवाज दबतो, झीज दबत नाही. गाडी विकायला काढणारे ही युक्ती करतात, जुनी गाडी घेताना लक्षात ठेवा.

पाचशे ते हजार किलोमीटर गाडी सावकाश चालवायची, भार कमी ठेवायचा, दर दोन-तीन दिवसांनी गेज बघायचं. या दिवसांत ऑईल भराभर काळं पडलं तर चांगलं समजायचं, गाळ हळूहळू विरघळून येतोय. मग ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदलायचे. दुसऱ्या खेपेलाही फार घाण निघाली तर दोन-अडीच हजार किलोमीटरवर तिसऱ्यांदा. त्यानंतर जुन्या गाडीला दर पाच हजार किलोमीटरला नाहीतर सहा महिन्यांनी.

खर्च? लहान पेट्रोल गाडीला ऑईल, फिल्टर, मजुरी धरून आमच्याकडं एका खेपेला दीड-दोन हजारांच्या आसपास जातात. दोनदा केलं तर चार हजार धरा. इंजिन बांधायला काढलं तर पंचवीस हजारांपासून पुढं, मोठ्या गाडीला त्याच्या दुप्पटही. ताईंच्या सदस्येचे अकरा हप्ते या दोन आकड्यांच्या मधोमध उभे आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झिजलेलं लोखंड नवं ऑईल भरून काढत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, दर आठवड्याला ऑईल कमी होतंय, तर रिंगा गेलेल्या असू शकतात. नवं पातळ ऑईल घातल्यावर एखादी जुनी गळतीही उघडी पडते. तेव्हा ऑईलला शिव्या द्यायच्या नाहीत. मी ताईंना असं सुचवेन, की आधी दोन्ही खेपा होऊ द्या, हजार-दीड हजार किलोमीटर बघा, मगच इंजिन बांधायचं की गाडी काढायची ते गटात बसून ठरवा. भीतीनं आजच विकली तर मातीमोल जाईल.

सुरुवातीला मी शेवटच्या दहा मिनिटांचं म्हटलं, ते लाल दिव्याबद्दल. चालकासमोर तेलाच्या झारीच्या आकाराचा एक दिवा असतो. चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. चावीला लागलाच नाही, तर दिवा गेलाय किंवा गाडी विकणाऱ्यानं मुद्दाम काढलाय, आधी तो बसवून घ्यायचा. चालत्या गाडीत तो लागला तर कडेला घेऊन त्या क्षणी इंजिन बंद. “गॅरेज दोन किलोमीटरवरच हाय, तेवढं जाऊया” नाही. त्या दोन किलोमीटरांत बेअरिंगं जळतात आणि इंजिन जाम होतं. गाडी चालवणाऱ्या मुलाला बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, एवढं सांगा.

गॅरेजला जाताना दोघी जणी जा. ऑईलचा डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, सील बघा, कारण भरलेल्या जुन्या डब्यांतनं बनावट माल फिरतो. रिकामा डबा भोसकून टाकायला सांगा. काढलेला फिल्टर दाखवा म्हणा. चांगला मेकॅनिक रागावत नाही. तारीख आणि किलोमीटरचा आकडा हप्त्याच्या वहीतच लिहा, वेगळी वही हरवते. आणि ज्या गाडीचं ऑईल चार वर्षं बदललेलं नाही, तिचं कूलंट आणि ब्रेक ऑईल तरी कुणी बघितलं असेल? त्याच दिवशी विचारून घ्या. ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदलायचं असतं, आणि गगनबावड्याच्या घाटात उतरताना ते इंजिनापेक्षा मोलाचं आहे.

राहिलं ते काढलेलं जळकं ऑईल. गावाकडं ते डबा भरून घरी न्यायची पद्धत आहे. दाराला लावायचं, वाळवीवर ओतायचं, काही जण म्हशीच्या गोचिडांवरही चोळतात. जनावराच्या अंगाला ते अजिबात लावू नका. त्यात धातूंचा कीस आणि कातडीतनं शरीरात जाणारं विष असतं, आणि म्हैस अंग चाटते. ओढ्यात, गटारीत ओतू नका, ते पंचगंगेलाच जातं. कायद्यानं हे ऑईल घातक कचऱ्यात धरलंय. गॅरेजमध्येच पिंपात ठेवून या, पुन्हा शुद्ध करणारे परवानाधारक ते घेऊन जातात. हाताला लागलं तर रॉकेलनं धुऊ नका. आधी कोरड्या भुश्शानं किंवा राखेनं पुसा, मग साबण.