स्टिकर निघाला, पण गम राहिला? गाडीला पेट्रोल-थिनर लावण्याआधी हे वाचा

एकलहरे (नाशिक) : जुना फास्टॅग ओढून काढला की काचेवर चिकट चौकोन राहतो. एचएसआरपी बसवताना जुनी नंबरप्लेट काढली की बंपरवर डबल टेपच्या काळ्या पट्ट्या दिसतात. मग घरात जे सापडेल ते घेऊन आपण घासत बसतो. गम थोड्याशा तेलानेही निघतो, पण पांढरी पडलेली हेडलाईट बदलायची तर खिशाला चांगलाच चटका बसतो.

हे काम आता बऱ्याच जणांना करावे लागते. राज्यात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची झाली. 15 मार्च 2024 नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेचे फास्टॅग रिचार्ज होणे बंद झाले. एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, त्यामुळे जुना काढावाच लागतो. काळ्या फिल्मवर तर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी घातली.

आधी धुवा, मग गरम करा

औष्णिक वीज केंद्रामुळे आपल्या भागात हवेत राखेचे कण असतात. धूळ आणि राख गमवर चिकटून बसते. ती तशीच घासली तर पॉलिश पेपरसारखी रंगावर ओरखडे पाडते. म्हणून आधी शाम्पूच्या पाण्याने जागा धुवून घ्या.

गम उष्णतेने मऊ पडतो. हेअर ड्रायर थोडा लांब धरून फिरवा, नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेले फडके पाच-दहा मिनिटे ठेवा. थंड काचेवर उकळते पाणी ओतू नका, काच तडकू शकते. मऊ झालेला गम बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकलत काढा.

उरलेल्या थरावर खोबरेल किंवा निलगिरीचे तेल लावून दहा मिनिटे थांबा आणि मऊ कापडाने पुसा. एकदा नाही निघाला तर पुन्हा करा, जोर लावू नका. निलगिरीचे तेल आधी कोपऱ्यात लावून बघा. तेही पेट घेते, त्यामुळे विस्तव लांब ठेवा.

कोणत्या भागाला काय चालते?

पुढची काच : काच ओली करून नवे ब्लेड आडवे धरून चालवता येते.

मागची काच : आतून बारीक तपकिरी रेघा असतील तर तिथे ब्लेड अजिबात नको. त्या काच गरम करणाऱ्या तारा आहेत. तुटल्या की धुके जाणार नाही.

रंगवलेला पत्रा : ब्लेड आणि थिनर दोन्ही नको. थिनर गमबरोबर रंगही उचलतो.

हेडलाईट, डॅशबोर्ड, बंपर : हेडलाईटची 'काच' बहुतेक गाड्यांत प्लास्टिकची असते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने ती पांढरी पडते, बारीक तडे जातात. इथे फक्त कोमट पाणी आणि खोबरेल तेल वापरा.

दाराचे रबर : तेल, डिझेल, रॉकेल लागले की रबर फुगते. लागलेच तर लगेच साबणाने धुवा.

पेट्रोल का नको?

पेट्रोलची वाफ थंडीतही तयार होते आणि जमिनीलगत पसरते. बॅटरीची ठिणगी किंवा कोणाची बिडी एवढे पेटायला पुरेसे आहे. बंद गाडीत तर पेट्रोलचे फडके नेऊच नका.

शेवटचा हात

गम निघाला की तेल तसेच ठेवू नका. काचेवर तेलाचा पातळ थर राहिला तर रात्री समोरच्या गाडीचा लाईट पसरून रस्ता दिसत नाही. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. नवीन फास्टॅग लावायचा असेल तर काच पूर्ण कोरडी करून मगच चिकटवा, तेलकट काचेवर तो धरत नाही. जुना टॅग निघाला म्हणजे खाते बंद झाले असे नाही. ते बँकेकडून बंद करून घ्या आणि शिल्लक रक्कम परत मागा.