रीमॅप की ट्यूनिंग बॉक्स?
नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा वाहननिर्मितीचा आणि बॉशचा डिझेल इंजेक्टरांचा कारखाना असल्याने डिझेल इंजिनाची ताकद वाढवण्याच्या या विषयासाठी नाशिकमध्येच बनलेल्या स्कॉर्पिओचे उदाहरण सोयीचे ठरते. तिच्या २,१७९ सीसीच्या एमहॉक इंजिनात कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणारी सामाईक नळी असून, डिझेल केव्हा व किती सोडायचे हे ईसीयू, अर्थात इंजिनाचा संगणक, ठरवतो.

ट्यूनिंग बॉक्स हा या नळीच्या प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये जोडला जातो आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवतो. साहजिकच ईसीयू दाब वाढवतो व तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सिलिंडरमध्ये जाते. ही संगणकाची सरळसरळ फसवणूकच होय. त्या प्रमाणात हवा न वाढल्यास काळा धूर निघतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि कसारा घाटासारख्या लांब चढावर त्याचा ताण टर्बोला सोसावा लागतो.

रीमॅपमध्ये मात्र ईसीयूतील इंधनाचे, टर्बोच्या दाबाचे आणि टॉर्कच्या मर्यादेचे तक्तेच नव्याने लिहिले जात असल्याने हवा व इंधन यांचा मेळ राखता येतो. बॉक्स काही मिनिटांत काढता येतो, ही त्याची एकमेव ठळक सोय. वॉरंटी दोन्हींमुळे धोक्यात येते आणि जुना क्लच दोन्हींच्या वाढीव टॉर्कपुढे घसरू शकतो.

जाणकार ट्यूनर मिळाल्यास रीमॅपच सरस ठरतो. तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, हे मालकांनी आधी वाचावे.