शीव आणि सरहद्द : १८०३ च्या तहातील एक कलम

भिंगारशेजारील अहमदनगरचा किल्ला आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या वाटाघाटींत सीमेचा प्रश्न ज्या रीतीने सोडविला गेला, ती रीत अधिक अभ्यसनीय होय.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी हा किल्ला व अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. तथापि चांभारगोंदे (आजचे श्रीगोंदे), जामगाव, निम्मा शेवगाव परगणा इत्यादी घराण्याकडील जुनी गावे त्यांच्याकडेच राहिली. मात्र वसुलीच्या निमित्ताने तेथे फौज आणू नये, अशी अट होती. वसूल शिंद्यांचा, पण त्यामागे शस्त्रबळ नाही, अशी ही रचना होती.

मराठीत गावाच्या मर्यादेस संस्कृत 'सीमा'पासून आलेला 'शीव' हा शब्द, तर राज्याच्या मर्यादेस फारसीमार्गे आलेला 'सरहद्द' हा शब्द रूढ आहे. या कलमात हा भेद लोपतो. त्यात रेषा नाही, नावांची यादी आहे. अर्थात यादीतील गावाची शीव हीच दोन सत्तांमधील सरहद्द ठरली. १८१८ मध्ये पेशवाईचा मुलूख कंपनीकडे गेल्यावर ही गावे बेटांसारखी उरली. पुढे १८६० च्या तहान्वये शिंद्यांनी ती ब्रिटिशांना देऊन उत्तरेत मोबदला घेतला.

शेत जागचे हलले नाही. सारा कोणाच्या नावे भरावयाचा, एवढेच बदलले. म्हणून सीमावादाच्या अभ्यासकाने नकाशापूर्वी गावांच्या याद्या वाचाव्यात.