शाळेचा ठराव कोण लिहितो?



शाळेच्या कारभारावर बोलायला कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला का बोलावले, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि सभांची इतिवृत्ते वाचून. पण सभा कोणत्या वेळी बोलवावी, ठराव कसा मांडावा आणि वही कोणाच्या हाती असावी, एवढे त्या कामात कळते. आणि शाळेच्या कारभाराचे बरेवाईट पुष्कळसे याच तीन गोष्टींवर ठरते.

प्रथम जुनी हकिगत थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा असा लोकल फंड वसूल होत असे, आणि त्याचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे शाळेला पैसा रयतेचा. पण त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याची सोय रयतेला नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यात कष्टकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या थरांच्या शिक्षणावर खर्च होतो हेच त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते, आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला, आणि स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी जे ‘स्कूल बोर्ड’ असे, त्याला त्या कायद्याने पक्के रूप दिले.

या बोर्डाची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचे सभासद नागरिकांच्या थेट मतांवर निवडले जात नसत. नगरपालिकेचे सभासद त्यांना निवडून देत. शिवाय बोर्डाचा प्रशासन अधिकारी राज्य सरकारने नेमलेला असे. बोर्डाने ठराव करावा आणि अंमल प्रशासन अधिकाऱ्याने करावा, अशी ही दुबैली गाडी. एक बैल मुंबईकडे पाही, दुसरा नगरपालिकेकडे, आणि गाडीत बसलेल्या पोरांना मात्र कोणी विचारीत नसे. तरीही मास्तर आला नाही किंवा कौले फुटली, तर कोणाच्या ओट्यावर जाऊन भांडायचे हे लोकांना ठाऊक होते. ही गोष्ट लहान नव्हे.

जिल्हा शाळा मंडळे १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर गेली. शहरांतली शिक्षण मंडळे पुढे पन्नास वर्षे टिकली. राज्याने २०१३ साली ती मोडीत काढण्याचा कायदा केला, आणि चालू मंडळांच्या मुदती संपत गेल्या तशी तीही गेली. काही मंडळांनी आपल्या कर्तृत्वाने लोकांचे अश्रू फारसे ओढवून घेतले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. कामे नगरपालिकांच्या आणि जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांकडे व समित्यांकडे आली. पण २०२२ पासून अनेक महापालिकांवर आणि जिल्हा परिषदांवर निवडणुकांअभावी काही वर्षे प्रशासक बसले. सभासदच नाहीत, तेव्हा समिती कसली? त्या काळात शाळेच्या बाबतीत सामान्य माणसाला कायद्याने दिलेली एकच खुर्ची शिल्लक होती. तिचे नाव शाळा व्यवस्थापन समिती. आजच्या बोलण्याचा खरा विषय ही खुर्ची आहे.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात या समितीची तरतूद आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. महाराष्ट्रात ही समिती बारा ते सोळा जणांची असते, अध्यक्ष पालकांमधला असतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात आणि महिन्यातून एकदा तरी बैठक व्हावी असे ठरलेले आहे. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही तिची कामे.

आता तुलना करून पाहा. ज्या १९४७ साली स्कूल बोर्डाचा कायदा झाला, त्याच साली औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत वर्क्स कमिटीची सोय केली. तिच्यात मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कामगारांचे प्रतिनिधी कमी नसावेत एवढीच अट होती. बरोबरीची जागा मिळाली म्हणून आम्ही त्या काळी पेढे वाटणाऱ्यांचे वारस. आणि इथे सोळांत बारा जागा पालकांच्या! एवढे बहुमत कोणत्याही कारखान्यात कोणत्याही युनियनला कधी मिळाले नाही. मग या बहुमताचा आवाज कुठे ऐकू का येत नाही?

माझे उत्तर साधे आहे. बैठक सकाळी अकराला असते.

यंत्रमागावर, बांधकामावर किंवा चार घरची धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या माणसाला सकाळी अकराची बैठक म्हणजे एक खाडा. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि काही ठिकाणी उद्याचे कामही गेले. दर महिन्याला एक म्हटले तर वर्षाचे बारा खाडे होतात. कायद्याने बाईला समितीत निम्मी जागा दिली, आणि घड्याळाने ती काढून घेतली. मग वही घरी जाते आणि सही होऊन परत येते. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. एकाच शाईत, एकाच बैठकीत सहा महिन्यांची इतिवृत्ते लिहिलेली. गंमत अशी की त्यांत सर्व ठराव एकमताने मंजूर असतात. जिवंत माणसांची बैठक असेल तर सहा महिन्यांत एकदा तरी कोणी वाद घालतोच.

यात मुख्याध्यापकांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याकडे वरून रोज इतकी पत्रके येतात की वही भरणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. निवडणुकीच्या याद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, हे सारे त्याच माणसाने करायचे, आणि वेळ मिळालाच तर शिकवायचे!

समिती झोपलेली असली म्हणजे काय होते, आणि तिचा हात आखडला म्हणजे काय होते, याचा धडा गणवेशाच्या प्रकरणाने दिला. समग्र शिक्षा योजनेत मुलामागे दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये धरलेले असत आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करी. गावातल्या शिंप्याने मूल समोर उभे करून माप घ्यावे, असा तो मामला. राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ असे धोरण आणले आणि २०२४-२५ या वर्षी कापडाची खरेदी राज्याच्या पातळीवर व शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. जूनमध्ये शाळा उघडल्या. पण कितीतरी ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुले जुन्याच कपड्यांत होती, आणि जे गणवेश आले त्यांतले काही आखूड, काही ढगळ. बचत गटांतल्या बायांना बोल लावू नये. कापडच उशिरा हाती पडले तर शिवण वेळेवर कुठून येणार? अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून ही खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली.

समित्यांकडे पूर्वी काम असताना सगळे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. ठराविक दुकान आणि ठराविक टक्केवारी यांच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. परंतु गावातल्या दुकानदाराने वाईट कापड दिले तर त्याच्या दुकानावर चार बाया जाऊन उभ्या राहू शकतात. राज्यस्तरीय कंत्राटाच्या दारात त्या कुठे जाऊन उभ्या राहणार?

पहिलीपासूनच्या हिंदीचेही असेच झाले. एप्रिल २०२५ मध्ये शासननिर्णय निघाला, जूनमध्ये तो बदलला, आणि लोकांनी गदारोळ केल्यावर २९ जून २०२५ रोजी दोन्ही मागे घेण्याची घोषणा झाली. त्या गदारोळाचे मी स्वागतच करतो. पण लहानसहान बाबतीत मुंबई गाजवता येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, म्हणून मोर्चा निघत नाही. ती कडी समितीनेच बसवायची असते.

तेव्हा त्या कडीकडेच येऊ. शाळेला दरवर्षी पटावर ठरणारे संयुक्त शाळा अनुदान असते. १०१ ते २५० पट असलेल्या सरकारी शाळेसाठी ते पन्नास हजार रुपये धरलेले आहे, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा आहे. म्हणजे अशा शाळेत पाच हजार रुपये केवळ नळ, कडी, दार, फिनेल यांसाठी आहेत. आता वहीतला नेहमीचा ठराव ऐका: ‘शाळेच्या समस्यांवर सविस्तर चर्चा करण्यात आली.’ असा ठराव म्हणजे कोऱ्या कागदावर सही. आमच्याकडे नव्या कार्यकर्त्याला आम्ही ठरावात चार गोष्टी शोधायला शिकवतो: काम कोणते, पैसा कोणत्या खात्यातून, करणार कोण, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार व कडी स्वच्छतेच्या हिश्शातून पंधरा जुलैपूर्वी बसवावी, जबाबदारी अमुक सभासदाची, पुढील बैठकीत पावती दाखवावी.’ एवढे लिहिले की पुढच्या महिन्यात प्रश्न विचारायला जागा राहते. पावती हा शब्द विसरू नका. पुष्कळ बिघाड त्या एका शब्दाने दुरुस्त होतात.

आणि काम झालेच नाही तर? कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे मुलाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपली नगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे देता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तक्रारीची पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार म्हणजे वाऱ्यावर बोललेले बोल.

एक खुलासा केला पाहिजे. हे अधिकार सर्व शाळांत सारखे नाहीत. अनुदानित खाजगी शाळांत आणि अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्ला देऊ शकते, आणि विनाअनुदानित शाळांना तर ती बंधनकारकच नाही. म्हणजे जिथे बाप फी भरतो तिथे त्याला कमी अधिकार, आणि जिथे फी भरत नाही तिथे अधिक. नगरपालिकेच्या शाळेला नाके मुरडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मित्रांनी यावर थोडा विचार करावा.

राहता राहिली वेळ. बैठक कोणत्या प्रहरी घ्यावी हे कायद्यात लिहिलेले नाही. ते समितीच्या हातात आहे. पालकसभेने नवी समिती निवडली की पहिल्याच बैठकीत वेळेचा ठराव मांडावा: साप्ताहिक सुट्टीचा दिवस किंवा संध्याकाळी सातनंतर. यात अडचण आहे, आणि ती खरी आहे. मुख्याध्यापिकाबाईंनाही घर आहे, लांबची बस आहे, आणि त्याही पगारावर काम करणाऱ्याच आहेत. दुसऱ्या कामगाराच्या खाड्याचा भार त्यांच्या फुकटच्या जादा तासांवर टाकणे मला पटत नाही. म्हणून त्याच ठरावात दुसरे कलम घालावे, की संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या बैठकीबद्दल त्यांना बदली सुट्टी मिळावी, आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा नगरपालिकेच्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्यावी. जूनला अवकाश आहे. मसुदा आजच लिहून ठेवता येईल.