बंदी नको, हक्क हवेत

परदेशातले फिलिपिनो कामगार मायदेशी जो पैसा पाठवतात, तो देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ८ ते ९ टक्के भरतो. पण तो कमावणारी घरकामगार बाई अनेकदा मालकाच्या मर्जीवर जगते. आखातातल्या कफाला पद्धतीत तिचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. पासपोर्ट त्याच्या कपाटात पडून राहतो आणि छळाला कंटाळून ती बाहेर पडली, तर फरार तीच ठरते. १९९५ मध्ये सिंगापूरने फिलिपिनो घरकामगार फ्लोर कोंतेम्प्लासियोनला फाशी दिली, फिलिपाइन्स संतापून उठला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो घरकामगार स्त्रीचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडला. आधी फिलिपाइन्सने तिथे कामगार पाठवण्यावर बंदी घातली, मग कामगारांचे पासपोर्ट आणि मोबाइल काढून न घेण्याचा करार दोन्ही देशांत झाला.

नियम कडक केले तर मालक दुसऱ्या देशांतून माणसे आणतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच भारतासह सर्व पाठवणाऱ्या देशांनी किमान अटी मिळून ठरवायला हव्यात. नुसती बंदी गरजू बाईला बेकायदा दलालाच्या दारात नेते. वकील, निवारा आणि मालक बदलण्याचा हक्क तिला मिळायला हवा, आणि तोही कुणाचा जीव जाण्याआधी.