ऑकलंडचे वार्तापत्र : लावण्याआधीचे वर्ष

न्यूझीलंडच्या टेकड्या हिरव्यागार दिसतात, पण तो हिरवेपणा बराचसा गवताचा आहे. माणसाचे पाऊल पडण्याआधी या बेटांचा सुमारे ८० टक्के भाग जंगलाखाली होता. आज मूळचे जंगल जेमतेम पाव हिश्श्यावर उरले आहे. गुराढोरांसाठी मोकळ्या केलेल्या चढांवरची माती मोठ्या पावसात खाली येते, हे १९८८च्या ‘बोला’ चक्रीवादळाने पूर्व किनाऱ्यावर दाखवले. १९९१मध्ये ऑकलंडच्या पाकुरंगा रोटरी क्लबने सुरू केलेल्या ‘ट्रीज फॉर सर्व्हायव्हल’ उपक्रमाचा रोख याच मातीकडे आहे. शाळेच्या आवारात छोटी रोपवाटिका असते. मानुका, हाराकेके अशी देशी रोपे मुलेच मोठ्या पिशव्यांत हलवतात, महिनोन्महिने जोपासतात आणि ओल्या हिवाळ्यात जवळपासच्या शेतकऱ्याच्या ओढ्याकाठी किंवा खचत्या उतारावर लावतात. आपल्याकडे वनमहोत्सवात रोप त्याच दिवशी हातात येते आणि त्याच दिवशी हातावेगळे होते. इथे लागवडीआधीचा काळच खरा अभ्यासक्रम, असे माझे मत आहे. कोणते रोप पाणथळीत तगते, कोणते उघड्या वाऱ्यात, हे एका दिवसात कळत नाही.

मजूर हेच काम कितीतरी वेगाने करतील, हा आक्षेप खराच आहे. पण नवख्या हातांची लागवड फुकट जाते, असे मात्र नाही. ऑकलंडजवळच्या तिरितिरी मातांगी बेटावर १९८४ ते १९९४ या काळात शाळकरी मुलांसह स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून अधिक झाडे लावली. तिथे आज दुर्मीळ पक्षी नांदतात. दुसरा आक्षेप अर्थकारणाचा : रेडिएटा पाइन झपाट्याने वाढतो आणि पैसाही देतो, मग संथ देशी झाडे कशाला? पाइन सुमारे तीस वर्षांत तोडतात. जुनी मुळे कुजून नवी पकड घेईपर्यंत काही वर्षे तो चढ पुन्हा उघडा पडतो. तोडणीनंतर पडून राहिलेले ओंडके २०२३च्या ‘गॅब्रिएल’ वादळात नद्यांतून पुलांवर आणि किनाऱ्यांवर येऊन आदळले. जिथे तोडणी कधीच करायची नाही, त्या ओढ्याकाठांसाठी देशी झाडेच सोयीची. उपक्रमाचा कच्चा दुवा माझ्या मते वेगळाच आहे. किकुयू गवत कोवळ्या रोपांना गिळते आणि पहिले दोन-तीन उन्हाळे तण काढायला मुले तिथे नसतात. ते काम आणि गुरांना अडवणारे कुंपण जमीनमालकाचे. तो ढिला असेल, तर शाळेची मेहनत गवताखाली जाते; म्हणून रोपांआधी मालक पारखून घेतलेला बरा.