मित्राच्या दारातला जकातनाका

लेखांक ६

अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराजवळ काही वर्षं एक अजब काम चालायचं. तुर्कस्तानातून फोर्ड कंपनीच्या ट्रान्झिट कनेक्ट नावाच्या कोऱ्या करकरीत गाड्या जहाजाने यायच्या. मागे बसायला सीट, सीटला पट्टे, मागच्या अंगाला काचेच्या खिडक्या, सगळं जागच्या जागी. कस्टमच्या कागदावर नोंद व्हायची, प्रवासी गाडी. शुल्क अडीच टक्के. ते भरून गाडी शेडमध्ये आली की कामगार पाने घेऊन तिला भिडायचे. नट सैल करून मागची सीट बाहेर, पट्टे बाहेर, खिडकीची काच काढून तिथे पत्रा. थोड्याच वेळात प्रवासी गाडीची मालवाहू व्हॅन झालेली असायची. ज्यांच्यावर कधी कोणी बसलंच नाही अशा त्या सीटचं कापड फाडून त्याचा चुरा व्हायचा, लोखंड भंगारात जायचं.

हा खटाटोप एवढ्यासाठी, की तीच गाडी मालवाहू म्हणून उतरली असती तर शुल्क २५ टक्के पडलं असतं. फोर्ड ही अमेरिकन कंपनी. तुर्कस्तान हा नाटोतला अमेरिकेचा जोडीदार. गाडी घेणारा प्लंबर किंवा फुलवाला, तोही अमेरिकनच. मग हे २५ टक्के कोणाला अडवायला ठेवले होते? ते लावले गेले १९६३ साली, मुख्यतः पश्चिम जर्मनीला धडा शिकवायला. आणि भांडण गाड्यांचं नव्हतंच, कोंबड्यांचं होतं.

गेल्या आठवड्यात आपण ‘सर्व देशांना सारखी वागणूक’ हा व्यापाराचा मूळ नियम पाहिला. त्यावर एका वाचकाने विचारलं, की जे देश एकमेकांसाठी सैन्य पाठवायला तयार असतात, ते एकमेकांच्या मालावर कर कसा लावतात, आणि त्याला न्याय्य म्हणायचं का? प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. म्हणून आज एकच प्रकरण मुळापासून बघू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कर म्हणजे वैर, असं नसतं. मुंबईत माल आणणाऱ्यांना मुलुंडचा आणि दहिसरचा जकातनाका आठवत असेल. ठाणे आणि मुंबई यांच्यात काही दुष्मनी नव्हती. राज्य एक, भाषा एक, नातीगोती एकमेकांत गुंतलेली. तरी जकात १ जुलै २०१७ पर्यंत चालूच राहिली, कारण महापालिकेची तिजोरी तिच्यावर भरत होती. देशांच्या सीमेवरचा करही कधी तिजोरी भरायला असतो, कधी घरच्या धंद्याला आडोसा द्यायला, तर कधी समोरच्याचा हात पिरगाळायला. आणि तो भरतो आयात करणारा. जर्मन गाडीवर अमेरिकेने शुल्क लावलं तर पैसे अमेरिकेच्या बंदरात अमेरिकन आयातदाराच्या खिशातून जातात. जर्मन कारखानदाराचा तोटा नंतर होतो, गिऱ्हाईक आटल्यामुळे.

आता कोंबडीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुक्कुटपालनाचं रूपच बदललं. परसातला धंदा मोठमोठ्या शेडमध्ये गेला, थोड्या दिवसांत वाढणारी ब्रॉयलर कोंबडी आली आणि दर कोसळले. युरोपात मात्र कोंबडी अजून सणावाराचंच जेवण होती. तिथे अमेरिकेची स्वस्त गोठवलेली कोंबडी पोचली आणि पश्चिम जर्मनीच्या घराघरांत शिजू लागली. गिऱ्हाईक खूश, पण युरोपातला पोल्ट्रीवाला शेतकरी हवालदिल झाला. तेव्हा सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय नुकताच आकार घेत होता आणि शेतीचं सामाईक धोरण ठरत होतं. १९६२ साली त्याने बाहेरून येणाऱ्या कोंबडीवरची आकारणी जवळजवळ तिपटीने वाढवली. अमेरिकेची विक्री घसरली.

हे सगळं घडत होतं ते शीतयुद्धाच्या ऐन भरात. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जगाने श्वास रोखून धरला होता. अशा काळातही जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी सांगितल्याची नोंद आहे, की दोन वर्षांत केनेडींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराचा जवळजवळ अर्धा भाग कोंबड्यांनी व्यापला होता. हे वाचून आपल्याला आश्चर्य वाटतं, पण मला त्यात एक खरी गोष्ट दिसते. रणगाडे कुठे उभे करायचे यावर दोन सरकारांचं एकमत सहज होऊ शकतं. आर्कान्सामधला कोंबडीवाला आणि जर्मनीतला कोंबडीवाला मात्र दोघेही मतदार असतात, आणि त्या दोघांना एकाच वेळी राजी करणारा करार अजून कोणाला सुचलेला नाही.

बोलणी फिसकटली. इथे मात्र एक गोष्ट घडली, जी आज आवर्जून आठवावीशी वाटते. अमेरिकेने मनाला येईल तेवढा कर लावून टाकला नाही. आपलं नुकसान ४ कोटी ६० लाख डॉलरचं झालं असं तिचं म्हणणं होतं. युरोप म्हणत होता, १ कोटी ९० लाख. वाद गॅट या व्यापार कराराच्या चौकटीत तज्ज्ञांच्या एका मंडळापुढे गेला. मंडळाने आकडा ठरवला २ कोटी ६० लाख डॉलर. तेवढ्याच किमतीच्या युरोपीय मालावर अमेरिकेने बदल्याचं शुल्क लावायचं. दोघांनीही ते मानलं. केनेडींच्या हत्येला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ४ डिसेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घोषणा काढली. ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर जादा शुल्क ७ जानेवारी १९६४ पासून लागू झालं. ट्रकवर ते २५ टक्के होतं. ट्रकच का? कारण फोक्सवॅगनची मालवाहू व्हॅन आणि पिकअप तेव्हा अमेरिकेत चांगली खपत होती, आणि तिथल्या मोटार कामगारांच्या संघटनेला ती खुपत होती. निवडणूक वर्षावर आली होती. पुढच्या वर्षभरात जर्मन ट्रकची आयात एक तृतीयांशावर आली.

इथवर जे झालं ते माझ्या मते न्याय्य होतं. शहाणपणाचं होतं असं म्हणत नाही. कोंबडी महाग झाल्याचा राग व्हॅन महाग करून काढण्याने कोणाचंच भलं झालं नाही. पण तक्रार उघड होती, नुकसान तिऱ्हाइताने मोजलं होतं, आणि बदला त्या मापाच्या बाहेर गेला नव्हता.

अन्याय नंतर सुरू झाला, आणि तो सुरू झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडीवरचं शुल्क पुढे उतरलं. ट्रकवरचं राहिलं. गेल्या आठवड्यातला ‘सारखी वागणूक’ हा नियम इथे उलटा फिरला. शुल्क एका देशाचं नाव घालून लावता येत नव्हतं, ते सगळ्यांच्याच ट्रकवर लागलं. १९६४ साली जपानचे ट्रक अमेरिकेत नावापुरते होते. सत्तरच्या दशकात टोयोटा आणि डॅटसनच्या छोट्या पिकअपना गिऱ्हाईक मिळू लागलं, तेव्हा वाटेत हे २५ टक्के आयतेच उभे. जपानने कोणाची कोंबडी अडवली नव्हती. काही वर्षं मागचा हौदा न बसवता नुसती केबिन आणि सांगाडा आणून चार टक्क्यांत सुटका व्हायची. १९८० मध्ये ती वाटही बुजवली. सुबारूने आपल्या ब्रॅट नावाच्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरावी. बाल्टिमोरच्या शेडमधला खेळ त्याच वाटेवरचा. तो अमेरिकेच्या कस्टम खात्याने २०१३ मध्ये बंद केला, वाद कोर्टात गेला, आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मूळ भांडणाचा आकडा २ कोटी ६० लाख होता, हे इथे आठवावं. साठ वर्षांत डॉलरची किंमत घटली हे धरूनही.

शुल्क टिकलं, कारण त्याच्या आडोशाला एक अख्खा धंदा वाढला. डेट्रॉइटच्या कंपन्यांचा नफा मोठ्या पिकअपवर उभा राहिला आणि आडोसा काढणं कोणत्याच राष्ट्राध्यक्षाला परवडेना. दक्षिण कोरियाशी अमेरिकेचा मुक्त व्यापार करार झाला, त्यात हे शुल्क २०२१ पर्यंत उतरवायचं ठरलं होतं. २०१८ मध्ये कराराला दुरुस्ती झाली आणि मुदत गेली २०४१ वर. कोरियात अमेरिकेचे हजारो सैनिक तळ ठोकून आहेत. कोरिया तेव्हा अमेरिकेला एकही पिकअप पाठवत नव्हता. तरी दार आणखी वीस वर्षं बंद.

आता दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने बघायला हवी. अमेरिकन लोकांची तक्रार अशी, की युरोप आमच्या मोटारीवर १० टक्के घेतो आणि आम्ही त्यांच्या मोटारीवर अडीच. आकडे बरोबर आहेत, अनेक वर्षं तसंच होतं. पण युरोपीय माणूस लगेच पिकअपच्या २५ टक्क्यांकडे बोट दाखवतो, आणि तेही बरोबर. एकेक ओळ काढून भांडायला बसलं तर दोघेही जिंकतात. खरं तर वाटाघाटीत ओळीला ओळ जुळवत नाहीत. तू शेतीत सवलत दे, मी यंत्रांत देतो, असा एकूण मेळ बसवतात. २०१८ च्या आधीची सरासरी पाहिली तर अमेरिका सुमारे साडेतीन टक्के आणि युरोप पाच टक्के. फरक आहे, पण लुबाडणूक म्हणावी इतका नाही.

आणि शुल्क शून्य असलं म्हणजे दार उघडं असतं असंही नाही. जपान १९७८ पासून परदेशी मोटारीवर एक पैसाही आयातशुल्क घेत नाही. तरी अमेरिकन गाड्या तिथे फारशा खपत नाहीत. अमेरिका म्हणते, तुमचे तपासणीचे नियम आणि विक्रेत्यांची साखळी आम्हाला आत येऊ देत नाही. जपान म्हणतो, आमच्या गल्ल्या अरुंद, वाहतूक डाव्या बाजूने, तुमच्या गाड्या अवजड. आम्हाला हव्या तशा बनवा, मग बोला. मला जपानचं म्हणणं अधिक पटतं, कारण तिथे जर्मन गाड्या बऱ्यापैकी खपतात. तांदळाच्या बाबतीत मात्र जपान बचावाला जागा ठेवत नाही. ठरावीक कोट्यापलीकडच्या तांदळावर त्याने लावलेलं शुल्क टक्क्यांत मोजलं तर कित्येकशेवर जातं.

या सगळ्यांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते ती २०१८ ची घटना. त्या वर्षी १ जूनपासून अमेरिकेने कॅनडा, मेक्सिको आणि युरोपीय संघाच्या पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. त्यासाठी वापरलेला कायदा १९६२ चा, म्हणजे कोंबडीवर आकारणी वाढली त्याच वर्षीचा. अमेरिकेच्याच संरक्षणविषयक कायद्यात देशाचा संरक्षण उद्योग मोजताना कॅनडा धरलेला आहे. त्या वेळचे संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी लेखी कळवलं होतं, की सैन्याला देशातल्या पोलादापैकी जेमतेम तीन टक्के लागतं, आणि मित्रदेशांवर होणाऱ्या परिणामाची काळजी वाटते. तरी शुल्क लागलं. कॅनडाने १ जुलैला, आपल्या राष्ट्रीय दिनी, १६६० कोटी कॅनडियन डॉलरच्या अमेरिकन मालावर उलट शुल्क बसवलं. केचप, दही, व्हिस्की, सगळं त्यात आलं. सुमारे वर्षभराने दोघांनीही ते मागे घेतलं.

पोलादाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची चिंता खोटी नाही. पेन्सिल्व्हेनिया आणि ओहायोतली गावंच्या गावं ओस पडली आहेत. पण माझा आक्षेप शुल्काच्या आकड्याला नाही, त्यामागच्या कारणाला आहे. सुरक्षेचं नाव घेतलं की माप काढणारा तिऱ्हाईत उरतच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळांनी अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. तक्रारदारांत नॉर्वे आणि तुर्कस्तान हे नाटोतलेच सोबती होते. आमची सुरक्षा जिनिव्हातल्या संघटनेने ठरवायची नाही, असं सांगून अमेरिकेने निकाल झिडकारला. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच न्यायाधीशांअभावी ठप्प आहे. १९६३ मध्ये ४ कोटी ६० लाखांचा दावा २ कोटी ६० लाखांवर आणणारं कोणीतरी होतं. आज तो माणूसच खुर्चीतून उठवलेला आहे. २०२५ मध्ये पोलादावरचं शुल्क पुन्हा आलं आणि जूनमध्ये ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा कॅनडा कोणाकडे दाद मागणार होता?

आपल्याशीही या कोंबडीचा थोडा संबंध आला. २०१० च्या सुमारास मुंबईच्या महिंद्राने आपली पिकअप अमेरिकेत विकायची तयारी चालवली होती. गाडी सुट्या भागांत पाठवून तिथे जोडायचा बेत होता, तो याच २५ टक्क्यांपायी. ती गाडी शेवटी विक्रीला गेलीच नाही. त्याला वितरकाशी झालेल्या वादासह इतरही कारणं होती, पण मधला हा कर पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागला होता.

राहिली अमेरिकन कोंबडी. ती अजूनही जर्मनीच्या दुकानात सहसा मिळत नाही. १९९७ पासून युरोपने क्लोरीनच्या पाण्यात धुतलेल्या कोंबडीला मज्जाव केला आहे, आणि अमेरिकेत ती तशी धुण्याची पद्धत होती. तो कर नव्हे, तो आरोग्याचा नियम. युरोप म्हणतो, कोंबडी शेडमध्येच स्वच्छ राखा, शेवटी धुऊन काढू नका. अमेरिका म्हणते, हा आडपडदा आहे. दोघांपैकी कोणाचं खरं, हे ठरवायला पिंजऱ्यापासून ताटापर्यंत जावं लागेल. पुढच्या आठवड्यात तिकडेच जाऊ.